चूक पोटात घालणारा सात नंबर

लोकांच्या तोंडात वाकून बघण्यात आयुष्य गेलं की मान कायमची एका बाजूला राहते. मी दातांची डॉक्टर आहे. इंदरगंजच्या चौकाजवळ एका मिठाईच्या दुकानाच्या वर माझा दवाखाना आहे आणि हा शेजार मला फार मानवतो. लोक खाली दात बिघडवतात आणि जिना चढून वर येतात. पण या सोयीच्या व्यवस्थेत माझी मान गेली. फोटोत मी नेहमी कुणाचं तरी गुपित ऐकत असल्यासारखी दिसते.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, सरळ उभं राहून करायचं काहीतरी शोधा. त्यांना स्वतःला गोल्फचं वेड, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक औषधोपचाराच्या शेवटी गोल्फ येतो. सर्दीच्या रोग्यालाही त्यांनी तेच सांगितलं असतं. मी म्हटलं, बघू. कारण आमच्या घरी माळ्यावर गोल्फचा एक अख्खा संच पडलेला होता. माझ्या नवऱ्याची रायपूरला बदली व्हायच्या आधी त्याला एकदा गोल्फचा झटका आला होता. सहकुटुंब सभासद होऊन, बदलून गेलेल्या एका अधिकाऱ्याचा जुना संच घेऊन तो पंधरवडाभर साहेबासारखा चालला, आणि मग त्याला तबल्याचा झटका आला. तबलाही माळ्यावरच आहे.

तर मी तो संच खाली काढला, धूळ झटकली आणि रविवारी सकाळी मैदानावर गेले. मोरारच्या पलीकडचं हे मैदान म्हणजे परदेशी मॅचमध्ये दिसणारा हिरवा गालिचा नव्हे. नऊ होल आहेत, म्हणजे बॉल घालायचे नऊ खड्डे, भोवती विलायती बाभळीचं रान आहे, आणि जिथे हिरवळ असायला हवी तिथे तेल घातलेली वाळू पसरलेली आहे. तिला सगळे ब्राउन म्हणतात. मोर येऊन त्या वाळूत धूळस्नान करतात आणि सभासद अदबीने थांबतात.

आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याची काठी. त्यांना नंबर असतात आणि सात नंबर हा मधला. कुठलाही संच पारखायचा तर सात नंबर मारून बघतात. आमच्या संचातला सात नंबर सुरीसारखा पातळ होता. त्याच्या पात्याच्या मधोमध नखाएवढी एक जागा होती. बॉल तिथे लागला तर म्हणे सुख होतं. मला ते सुख कधी मिळालं नाही. बॉल भलतीकडेच लागायचा, झिणझिण्या मनगटातून निघून थेट दाढेपर्यंत जायच्या, आणि बॉल बाभळीत. ती काठी माझ्यावर डूख धरून होती.

आता आबासाहेब. आबासाहेब म्हणजे माझे सासरे. कधीकाळी दख्खनहून सिंधियांच्या फौजेबरोबर इकडे उत्तरेत आलेलं घराणं, पण आबासाहेबांनी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात कालव्यांची देखरेख केली. कालव्याच्या काठाकाठाने ते इतके चालले की सासूबाई म्हणायच्या, यांना लग्नात शोधून आणायलाही माणूस पाठवावा लागला होता. सासूबाई गेल्या आणि आबासाहेबांनी चालणं सोडलं. भांडण नाही, रडणं नाही. आमच्या जयेंद्रगंजच्या घरात खिडकीपाशी एक वेताची खुर्ची आहे, तिच्यात ते बसले ते बसलेच. गुडघे आखडायला लागले. संडासला जायलाही भिंत धरावी लागू लागली.

हाडांच्या डॉक्टरांनी या वेळी गोल्फचं नाव काढलं नाही, यावरून मी काय ते समजले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "चालले तर चालत राहतील. नाही चालले तर या वर्षात खाट धरतील, आणि एकदा खाट धरली की मी काही करू शकणार नाही."

माझ्या आईने खाट धरलेली मी पाहिलेली आहे. त्या माणसाचं जग कसं उशीएवढं होत जातं ते मला माहीत आहे. आबासाहेबांचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी डॉक्टरांच्या खोलीतच ठरवलं. मला ते फार आवडतात. माझ्या स्वतःच्या वडिलांनी मला मेडिकलऐवजी बीएड करायला सांगितलं होतं, आणि लग्नानंतर दवाखान्याच्या दारावर माझ्या नावाची पाटी आबासाहेबांनी स्वतः स्टुलावर चढून ठोकली होती. वाकडी ठोकली, पण ठोकली.

मी त्यांना म्हटलं, "आबासाहेब, रोज बागेत एक चक्कर मारत जा."

"चक्कर?" ते म्हणाले. "म्हणजे जिथून निघायचं तिथेच परत यायचं? फालतूमध्ये? कुठे जायचं आहे का बेटा मला?"

"तब्येतीसाठी चालतात लोक."

"ते बघतो मी खिडकीतून. हात हलवून हलवून चालून राहिलेत. काही काम नाही, धाम नाही."

काम असल्याशिवाय पाय उचलायचे नाहीत हा त्यांचा बाणा होता. मी त्यांना भाजी आणायला पाठवून पाहिलं तर त्यांनी भाजीवाल्यालाच खिडकीखाली यायची सवय लावली.

मग एका रविवारी आमच्या घरी रंगाऱ्यांनी खिडकीच्या खोलीचा ताबा घेतला. खुर्ची गच्चीवर गेली. आबासाहेबांना बसायला जागा उरली नाही, तेव्हा मी त्यांना गाडीत घालून मैदानावर नेलं आणि पहिल्या होलपाशी कडुलिंबाखाली बाकावर बसवलं. मी बॉल ठेवला, मान सरळ केली, श्वास घेतला आणि मारला. बॉल उजवीकडे बाभळीत गेला. मी दुसरा काढला.

"अगं, अगं!" आबासाहेब ओरडले. "तो पहिला?"

"गेला तो. काटे आहेत तिथे."

"असा सोडून देशील? नवाकोरा बॉल? मी बघून राहिलो होतो, त्या वाकड्या झाडाच्या खाली गेला आहे तो."

आणि ते उठले. बाकाला धरून, कण्हत, पण उठले, आणि माझ्या बॅगेतली एक काठी ओढून काढून बाभळीकडे चालू लागले. नवशिक्यांना तिथे बॅग उचलणारा, बॉल शोधणारा कॅडी मिळत नाही, ते मोठ्या साहेबांच्या मागे जातात. मला आबासाहेब मिळाले. त्यांनी बॉल शोधला. मग मी दुसरा डावीकडे नाल्यात घातला, तोही त्यांनी शोधला. कालव्याला कुठे गळती आहे ते गवताच्या रंगावरून ओळखणारा माणूस तो, पांढरा बॉल त्यांच्यापुढे काय लपणार? त्या सकाळी ते सासूबाई गेल्यापासून एकूण जेवढं चालले नव्हते तेवढं चालले. गाडीत बसताना त्यांच्या धोतराला कुसळं लागलेली होती आणि खिशात माझ्या बॉलांखेरीज दुसऱ्यांचेही बॉल होते.

"ढिसाळ लोक आहेत सगळे," ते खुशीत म्हणाले. "रविवारी पुन्हा यावं लागेल."

तेव्हापासून दर रविवारी ते माझ्या आधी तयार. मी मारायची, ते शोधायचे. मधल्या वेळात ते माझ्या खेळावर बोलायचे. "आज डावीकडचा माल कमी आहे, उजवीकडे चांगला पडला आहे," असा पिकाच्या अंदाजासारखा अहवाल ते द्यायचे. भिंत धरणं थांबलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मी इतकी वाईट खेळते याचा मला त्या दिवशी मनापासून अभिमान वाटला.

पण पावसाळा संपता संपता माझं मनगट सुजलं. एका म्हातारीची अक्कलदाढ काढताना हातातून चिमटा सुटला. म्हातारीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. मी परत हाडांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी मनगट दाबलं, मी किंचाळले, आणि त्यांनी निकाल दिला. "हे पातळ आयर्न टाका. ते पट्टीच्या खेळाडूंसाठी असतात. शिकणाऱ्यांसाठी वेगळे मिळतात, चूक माफ करणारे. बॉल कुठेही लागला तरी सरळ जातो आणि हाताला हादरा बसत नाही. नाही तर गोल्फ सोडा. दोन्हीपैकी एक."

गोल्फ सोडणं शक्यच नव्हतं. मी गोल्फ सोडला की आबासाहेब खुर्चीत. तेव्हा चुका पोटात घालणारं लोखंड शोधणं आलं.

पडाव भागात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे. मालक मुख्यतः कॅरम, बॅटी आणि शाळांच्या बक्षिसांचे कप विकतात. गोल्फचा माल दिल्लीहून मागवावा लागतो. त्यांनी तीन वेगवेगळ्या संचांतला एकेक सात नंबर नमुन्याला मागवून दिला. "आराम से देख लीजिए मॅडम," ते म्हणाले, "बस, दशहरे तक लौटा दीजिएगा. और ज़रा सँभाल के, खरोंच न आए."

मी हत्यारं पारखणारी बाई आहे. दिवसभर माझ्या हातात हत्यारंच असतात. त्यामुळे मी हे काम पद्धतशीर करायचं ठरवलं. दात मिटल्यावर कुठे टेकतात ते बघायला आम्ही एक निळा कागद वापरतो. रोगी तो चावतो आणि जिथे जास्त दाब येतो तिथे निळा ठिपका उमटतो. मी तो कागद आयर्नच्या तोंडावर चिकटवला. बॉल मारला की पात्यावर ठिपका. पात्याच्या टोकाला म्हणजे चवड्याकडे लागला, दांड्याजवळ म्हणजे टाचेकडे लागला, की वर लागला, सगळं कळणार. माझी मुलगी कॉलेजात आहे. तिला मोबाइलवर व्हिडिओ काढायला उभं केलं.

"आई, तू परत डोकं वर केलंस," ती म्हणाली. "देख ना, साफ दिख रहा है. आणि तू मारताना तोंड उघडतेस."

"मी दातांची डॉक्टर आहे. तोंड उघडं असायचंच."

पहिल्या काठीचं नाव आम्ही परात ठेवलं. तिचा तळ इतका रुंद होता की तिच्यावर कणीक मळता आली असती. हा रुंद तळ जमिनीत रुतू नये म्हणून असतो. पण पाऊस संपल्यावर आमच्याकडची जमीन विटेसारखी कडक होते. परात जमिनीवर आपटून वर उसळायची आणि बॉलच्या डोक्यावरून निघून जायची. आवाज मात्र असा यायचा की लांबचे मोर ओरडायला लागायचे. वजनाला बरी होती, पण नापास.

दुसऱ्या काठीचं नाव मास्तर. दिसायला देखणी, मागून पोखरून वजन कडेकडेला ढकललेलं. वजन कडेला असलं की बॉल मधोमध लागला नाही तरी पातं वळत नाही, अशी त्यातली युक्ती आहे. मास्तर चूक माफ करायचे, पण आधी हातावर छडी मारून. बॉल सरळसा जायचा, मनगटाला मात्र पोलादी दांड्यातून झिणझिणी यायचीच. काही लोकांना हे बरं वाटतं म्हणे, त्यातून शिकायला मिळतं. माझं शिकायचं वय नाही आणि म्हाताऱ्यांच्या दाढा वाट बघत होत्या.

तिसरी काठी हातात घेतली आणि मला आधी ती खेळण्यातली वाटली. दांडा हलका, काळा, लोखंडाचा नव्हेच. डोकं जरा गुबगुबीत, आतून पोकळ. मी मारलं. हाताला काही कळलंच नाही. बॉल उंच गेला आणि सरळ, अगदी सरळ, मैदानाच्या मधोमध पडला. मी पात्यावर पाहिलं तर निळा ठिपका पार टाचेवर, जवळजवळ दांड्यावर! इतकी घाण चूक जुन्या काठीने मोरारच्या पोलीस चौकीपर्यंत पोचवली असती. मी पुन्हा मारलं, ठिपका चवड्यावर. बॉल सरळ. पुन्हा, ठिपका तळाच्या कडेला. बॉल सरळ. मुलीने तिचं नाव मावशी ठेवलं. आईने रागवावं आणि मावशीने पदराखाली घ्यावं, तशी होती ती.

मी हर्षाने वेडी झाले. मी बॉल मारायचा आणि तो मी बघत असलेल्या दिशेला जायचा, असं माझ्या आयुष्यात घडलं नव्हतं. त्या रविवारी मी नऊच्या नऊ होल मावशीबरोबर काढले आणि एकही बॉल हरवला नाही. आठव्या होलपाशी आनंदाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

आबासाहेब पहिल्या होलपाशी, कडुलिंबाखाली, बाकावर होते. शेंगा सोलून खात होते.

"काय झालं आबासाहेब? आला नाहीत?"

"येऊन काय करू? बॉल समोरच पडून राहिला आहे. आंधळ्यालाही दिसेल." त्यांनी टरफलं झटकली. "याच्यात काही मजा नाही आली बेटा."

पुढच्या रविवारी ते तयार नव्हते. खुर्चीत होते. "तब्येत ठीक नाही वाटून राहिली," ते म्हणाले. "तू जा. आता तुला जमतं."

मी तोंडातल्या तोंडात मावशीला अशा शिव्या दिल्या की त्या फक्त तिनेच पोटात घालाव्यात. सबंध आठवडा ते खुर्चीतून फारसे उठले नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना भिंतीला हात लावून जाताना पाहिलं. माझ्या चुकांवर माणूस चालत होता, आणि मी निळा कागद लावून, व्हिडिओ काढून, त्या चुका नाहीशा केल्या होत्या!

मग उपाय एकच. मुद्दाम वाईट खेळायचं. "एकदाच चला, मला परत बिघडायला लागलंय," असं म्हणून मी त्यांना कसंबसं नेलं. मास्तर आणि परात दुकानात परत गेले होते. जुन्या काठीला हात लावला की मनगट ठणकत होतं. तेव्हा मावशीनेच वाईट मारायचं होतं. त्यात काय कठीण आहे, मला वाटलं. या विषयात माझा अधिकार मोठा होता.

मी बाभळीकडे तोंड करून उभी राहिले. कोपर वाकवलं, डोकं वर केलं, तोंड उघडलं. बॉल बाभळीच्या एका खोडाला लागून परत मैदानात आला आणि मधोमध थांबला. दुसरा मी टाचेने मारला. सरळ. तिसरा डोळे मिटून. सरळ, आणि आजवरचा सगळ्यात लांब. मुलीने टाळ्या वाजवल्या. मी तिच्याकडे असं पाहिलं की तिने टाळ्या आवरल्या. चौथा बॉल एका हाताने मारला आणि तो टप्पे खात ब्राउनवर चढून झेंड्यापाशी जाऊन बसला. हाडांचे डॉक्टर शेजारच्या होलवरून "वाह मॅडम, वाह!" म्हणून ओरडले. मला त्यांचा गुडघा मोडावासा वाटला.

"छान," आबासाहेब बाकावरून म्हणाले. "आता मला कशाला आणत जातेस?"

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं होतं. ते अगदी समजूतदारपणे म्हणाले. मी गाडी काढली. मावशी परत करायची आणि जुनी काठी घ्यायची, मनगट जाऊ दे, असं मी सिंधियांच्या पुतळ्याला वळसा घालता घालता ठरवलं. दात काढायला दुसरा हात आहेच.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्या घरी या दिवशी सगळी हत्यारं चौरंगावर येतात. घराण्याची एक बोथट तलवार आहे, ती आधी. मग आबासाहेबांची कालवा मोजायची साखळी, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, माझे दाढा काढायचे चिमटे, मुलीचा लॅपटॉप. नवऱ्याने रायपूरहून फोन करून तबलाही ठेवा म्हणून सांगितलं, तोही ठेवला. मी दवाखान्यातून मुलीला फोन केला, "गोल्फची काठीपण ठेव गं चौरंगावर." माझ्या मनात जुनी होती. मुलीच्या मते गोल्फची काठी म्हणजे मावशी.

मी घरी पोचले तेव्हा आबासाहेबांची पूजा आटोपली होती. मावशीच्या गुबगुबीत गालांवर हळदीकुंकवाची बोटं होती, पात्याच्या खाचांत अक्षता बसल्या होत्या आणि काळ्या दांड्याला झेंडूची माळ करकचून बांधलेली होती.

"आबासाहेब, ही दुकानाची आहे! उद्या परत द्यायची आहे!"

"आता कशी देशील?" ते म्हणाले. "पूजलेलं हत्यार दुसऱ्याला देत नाहीत. आपल्यात नाही तसं."

मी दुकानदारांना फोन लावला आणि घडलं ते सांगितलं. त्यांना साधा ओरखडाही चालणार नव्हता. "पूजा हो गई?" त्यांनी विचारलं. "हल्दी भी लग गई? फिर तो मॅडम, हम भी नहीं ले सकते." अशा रीतीने, सगळ्या शास्त्रशुद्ध पारखीनंतर, माझ्या हिताचं आणि माझ्या सासऱ्यांच्या नाशाचं लोखंड हळदीमुळे आमच्या घरात कायमचं आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले. सुऱ्या चौरंगावर असल्यामुळे कांद्याचं निमित्तही नव्हतं.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. पूजलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की घरातल्या वडीलधाऱ्याने प्रत्येक हत्यार आधी स्वतः चालवायचं. मगच बाकीच्यांनी. त्यामुळे दर दसऱ्याला आबासाहेब तलवारीने कोहळा कापतात, लॅपटॉपवर एका बोटाने 'श्री' उमटवतात आणि माझ्या चिमट्याने दारातला एखादा खिळा उपटतात. या वर्षी त्यांनी तबल्यावर थाप मारली आणि मग मावशीकडे बघत राहिले.

"ही इथे कशी चालवणार?" मी म्हटलं. "हिला मैदान लागतं."

मी हे मुद्दाम म्हटलं नव्हतं. खरंच नाही. गच्चीवर मारली तर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी फुटेल एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"मग चल," ते म्हणाले. "रीत म्हणजे रीत."

दसऱ्याच्या संध्याकाळी मैदान रिकामं होतं. आबासाहेब नव्या धोतरात, पगडी घातलेले, खिशात शमीची पानं. मी त्यांना काठी कशी धरायची ते दाखवलं. त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष करून ती फावड्यासारखी धरली. पहिला घाव हवेत गेला. दुसऱ्याने धुळीचा लोट उठला आणि त्यांच्या पगडीवर बसला.

"बस झालं आबासाहेब. रीत झाली."

"लागला कुठे अजून? असं कसं झालं?"

तिसरा लागला. कुठे लागला ते बघायला निळा कागद नव्हता, पण आवाजावरून टाचेवर. मावशीने तो सरळ पाठवला. फार लांब नाही, पण सरळ, उंच, आणि तो मैदानाच्या मध्यावर पडला. आबासाहेब तोंड उघडं ठेवून बघत राहिले. मग ते चालू लागले. बॉलपाशी पोचले, पुन्हा मारला, पुन्हा चालू लागले. त्यांच्या टोल्याची मजल लहान, त्यामुळे त्यांना पुष्कळदा मारावं लागत होतं. ब्राउनवर पोचल्यावर त्यांनी विचारलं, "आता?"

"आता या खड्ड्यात घालायचा."

"आणि मग?"

"मग पुढचा खड्डा."

"तो कुठे आहे?"

मी दूरच्या झेंड्याकडे बोट दाखवलं. त्यांनी डोळ्यांवर हात धरून अंतराचा अंदाज घेतला, जसा कालव्यावर घेत असतील. "बराच लांब आहे," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला तिथेच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही, दसराच होता. त्यांनी माझ्या हातावर शमीची पानं ठेवली, पण लक्ष झेंड्याकडे होतं.

आम्ही अंधार पडेपर्यंत चाललो. घरी आल्यावर मी मावशीला पुसायला घेतली तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ही माझी," ते म्हणाले. "तू आपलं बघ काही दुसरं."

मी मनगटाला पट्टा बांधून सध्या जुन्याच काठीने खेळते आणि पडावच्या दुकानदारांना दिल्लीहून आणखी नमुने मागवायला सांगितलं आहे. आबासाहेब आता रविवारबरोबर बुधवारीही जातात. हाडांच्या डॉक्टरांना त्यांनी परवा चौथ्या होलवर गाठलं आणि तुमची चाल फार सावकाश आहे, मागच्यांची खोटी होते, असं ऐकवलं. माझा बॉल अजूनही बाभळीत जातो. मी काट्यात वाकून तो शोधत असते, मान पुन्हा वाकडी होते, मी "आबासाहेब, जरा थांबा!" म्हणून हाका मारते.

ते थांबत नाहीत.